ऊर नगरीची चूल

दक्षिण इराकमध्ये नासिरिया शहराजवळ ऊर या प्राचीन नगरीचे अवशेष आहेत. सर लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात, ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेचे प्रमुख या नात्याने, तेथे उत्खनन केले. राजघराण्याच्या थडग्यांतील सोन्यानाण्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. पण पुढे त्यांनी जी एक वस्ती खणून काढली ती राजांची नव्हे, नागरिकांची होती. व्यापारी, धर्मगुरू, लेखनिक यांची घरे, त्यांमधून वळणे घेत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. ख्रिस्तपूर्व विसाव्या ते अठराव्या शतकातील त्या गल्ल्यांची मूळ नावे कोणाला ठाऊक असणार? तेव्हा वुलींनी आपल्या मायदेशातील रस्त्यांची नावे त्यांना देऊन टाकली. ऊरच्या नकाशावर ब्रॉड स्ट्रीट आहे, ओल्ड स्ट्रीट आहे, चर्च लेन आहे आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलशेजारच्या गल्लीची आठवण देणारी पॅटर्नोस्टर रोसुद्धा आहे. नन्ना या चंद्रदेवाला भजणाऱ्या लोकांच्या गल्लीला प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेचे लॅटिन नाव मिळाले!

नकाशाची सोय म्हणून ही नावे दिली गेली आणि त्यात वावगे काही नाही. तथापि वुलींचे लेखन जसजसे वाचत जावे तसतसे जाणवते की, त्यांनी केवळ गल्ल्यांनाच नव्हे तर घरांनाही आपल्या ओळखीचे करून घेतले. घरांना नाव दिले नसले तरी त्यांत राहणारा एक माणूस त्यांच्या मनात सतत होता. तो म्हणजे अब्राहाम.

वुलींचे 'अर ऑफ द कॅल्डीज' हे पुस्तक १९२९ साली आले, 'अब्राहाम' हे १९३६ साली आणि 'एक्स्कव्हेशन्स ॲट अर' हे १९५४ साली. उत्खननावरची पुस्तके सहसा तज्ज्ञांपलीकडे कोणी वाचत नाही. वुलींची पुस्तके मात्र धर्मगुरूंच्या अभ्यासिकेत, शाळांच्या ग्रंथालयांत, सामान्य कुटुंबांच्या फडताळांत गेली. याला कारण त्यांची शैली. ते धर्मोपदेशकाचे चिरंजीव. ऐकणाऱ्याला हाताला धरून कसे न्यावे हे त्यांना उपजत कळत असावे. ऊरच्या घरात ते वाचकाला असे नेतात : रस्त्याच्या बाजूला खिडकी नसलेली आंधळी भिंत, तीत एक साधे दार. आत लहानशी देवडी, तीत पाय धुण्याच्या पाण्यासाठी मोरी. तेथून भाजक्या विटांनी फरसबंदी केलेला चौक. चौकाभोवती खोल्या : एकीकडे जिना, जिन्यामागे शौचकूप, एकीकडे स्वयंपाकघर, समोर रुंद दाराची पाहुण्यांची लांबट खोली आणि सर्वांत मागे घरातले देवघर. भिंतींचा खालचा भाग पक्क्या विटांचा, वरचा कच्च्या. बगदादमधील जुनी घरे नेमकी अशीच आहेत, हे ते आवर्जून सांगतात. चार हजार वर्षांचे अंतर एका परिच्छेदात पुसून टाकण्याची ही हातोटी सामान्य नव्हे. ती ज्यांना अवगत आहे असे पुरातत्त्वज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील.

या घरांवरून वुलींनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या वाचकांना फार भावला. अब्राहाम म्हणजे तंबूत राहणारा, शेळ्यामेंढ्यांमागे हिंडणारा भटका, ही कल्पना आता टाकून दिली पाहिजे. तो एका महान नगरीचा नागरिक होता, अशा सुखसोयींच्या दुमजली, डझनाहून अधिक खोल्यांच्या घरात तो वाढला असणार, असे त्यांचे म्हणणे. ते वाचताना श्रद्धावंताचे मन सुखावते. उत्पत्तीच्या पुस्तकात एका ओळीत उल्लेखिलेल्या नगरीला अचानक दारे, जिने आणि मोऱ्या फुटतात.

पण हे सुख जरा जपून घ्यावे असे मला वाटते. ऊरच्या एका खोल खड्ड्यात वुलींना गाळाचा जाड थर लागला, त्याच्याखाली पुन्हा मानवी वस्तीच्या खुणा. त्यांनी सहकाऱ्यांना अर्थ विचारला. कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात त्यांच्या पत्नी कॅथरीन आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, हा तर जलप्रलयच. ही हकीकत वुलींनी स्वतःच सांगितली आहे आणि ती रंगवून सांगितली आहे. १९२९ साली नोहाचा जलप्रलय सापडल्याची वार्ता सर्वत्र पसरली. पुढे इतर नगरींतही गाळाचे थर सापडले, पण त्यांचे काळ जुळेनात. ते निरनिराळ्या वेळचे, निरनिराळ्या नद्यांचे स्थानिक पूर होते. बायबल हाती धरून खणणाऱ्याला बायबल सापडते. त्यात अप्रामाणिकपणा नसतो, उतावीळपणा असतो.

घरांच्या बाबतीत या उतावीळपणाने काय निसटले, हा या लेखाचा विषय आहे. माझ्या मते चूल निसटली.

वुलींचे घराचे वर्णन पुन्हा वाचून पाहावे. दार, चौक, जिना, पाहुण्यांची खोली यांवर ते रेंगाळतात. देवघरावर तर विशेषच : विटांची बुटकी वेदी, कोपऱ्यात गिलावा केलेला चौथरा, धूप जाळण्यासाठी भिंतीत धुराड्यासारखी खाच, जमिनीखाली कुटुंबाचे कमानदार थडगे. स्वयंपाकघराचा मात्र उल्लेख होतो आणि लेखणी पुढे सरकते. येथे चूल, येथे भाकरी भाजण्याची भट्टी, पुरे. हे घर आपण पाहुणा म्हणून पाहतो. आलेला पाहुणा जिथवर जातो तिथवर आपण जातो. ज्या खोलीत पाहुण्याने पाऊल टाकायचे नसते तिथे वुलीही टाकत नाहीत.

त्यांना स्वयंपाकघराचे वर्णन करता येत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. ऊरच्या निंगल देवीच्या मंदिरात त्यांना देवीचे स्वयंपाकघर सापडले आणि त्यावर त्यांनी जे लिहिले आहे ते त्यांच्या उत्तम लेखनात गणले जावे. विहीर, पाणी तापवण्याच्या चुली, मांस तोडण्यासाठी डांबराने लिंपलेला विटांचा ओटा आणि त्यावर अजून दिसणारे सुऱ्यांचे वण, सपाट माथ्याची चूल, घुमटाकार भट्टी. अडतीस शतकांनंतरही येथे विस्तव पेटवून रांधता येईल, अशा आशयाचे उद्गार ते काढतात. पुरातत्त्वज्ञाच्या लेखणीतून धूर निघाल्याचा भास व्हावा असे हे पान आहे. म्हणजे डोळा होता, हात होता. देवीच्या चुलीपाशी तो थांबला. माणसांच्या चुलीपाशी थांबला नाही. कारण माणसांच्या घरात त्याला शोध होता तो कुलपित्याचा, आणि कुलपिता स्वयंपाकघरात सापडेल असे त्याला वाटले नाही.

गंमत अशी की, ज्या ग्रंथासाठी हा सारा खटाटोप, तो ग्रंथ स्वतः स्वयंपाकघराला मुळीच लाजत नाही. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात मम्रेच्या एलोन झाडांपाशी तिघे पाहुणे येतात. अब्राहाम काय करतो? तो तंबूत साराकडे धावत जातो, तीन मापे सपीठ लवकर मळून भाकरी कर म्हणतो, मग गुरांकडे धावतो. देवाच्या भेटीचा तो सारा प्रसंग घाईच्या रांधपाने भरला आहे. मूळ हिब्रूमध्ये त्या भाकरीसाठी जो शब्द आहे तो निखाऱ्यांवर वा तापल्या राखेत भाजलेल्या भाकरीचा. संत जेरोमने आपल्या लॅटिन भाषांतरात त्याचा अर्थ 'राखेखाली भाजलेली' असाच केला आहे. भट्टी नाही, ओटा नाही. भटक्या माणसाच्या तळावर जे असते ते : आग, राख आणि पीठ.

आता वुलींचा मुद्दा घटकाभर मान्य करू. सारा ऊरची सून होती असे उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात आहेच. ती खरोखर अशा विटांच्या घरातून निघाली असेल, तर तिने मागे काय सोडले? अब्राहामाने काय सोडले ते वुलींनी मजले मोजून सांगितले. साराने सोडले ते चौकाच्या कडेचे स्वयंपाकघर आणि मातीची गोल भट्टी, जिच्या तापल्या भिंतीला आतून रोटी थापतात. उतारवयात पाहुण्यांपुढे ती राखेतली भाकर ठेवते आहे. श्रद्धेसाठी घर सोडणे म्हणजे काय, हे मला तरी दुसऱ्या मजल्यापेक्षा या भाकरीवरून अधिक कळते. वुलींच्या तीनही पुस्तकांत ही तुलना मला आढळली नाही.

आणखी एक गोष्ट. ऊरच्या घरांत मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर कीलाक्षर लिपीत लिहिलेली पत्रे, करार, वाटणीपत्रे आहेत. (ओल्ड स्ट्रीटवरच्या एका घरात एआ-नासिर नावाचा तांब्याचा व्यापारी राहत असे. हलके तांबे दिल्याबद्दल आणि निरोप्याला उद्धटपणे परत पाठवल्याबद्दल नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला लिहिलेले खरमरीत पत्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. व्यापाऱ्यांचा स्वभाव बदललेला नाही, एवढेच म्हणावे.) या पाट्यांचा बारकाईने अभ्यास वुलींच्या पश्चात झाला. फ्रेंच विद्वान डॉमिनिक शार्पाँ यांनी १९८६ साली ऊरच्या पुरोहितवर्गावर ग्रंथ लिहून काही घरे धर्मगुरूंच्या कुळांची होती हे पाट्यांवरूनच दाखवले. मार्क व्हॅन दे मीरूप यांचा तेथील समाज आणि व्यापार यांवरील ग्रंथ १९९२ चा. या अभ्यासामुळे, आणि त्या काळच्या इतर नगरींतील पाट्यांमुळे, घर या गोष्टीचा त्या लोकांच्या मनातला अर्थ हळूहळू उलगडू लागला. त्या अर्थाच्या मध्यभागी चूल आहे.

त्या लोकांच्या अक्कडी भाषेत शेगडीला वा चुलाण्याला 'किनूनु' म्हणत. एखाद्या कुटुंबाचा वंश खुंटला, मागे कोणी उरले नाही, तर त्याचा किनूनु विझला असे म्हटले जाई. हा वाक्प्रचार आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटत नाही, हे आपण पाहिलेले आहे. भाऊ वेगळे झाले की वेगळी चूल मांडली असे आपण म्हणतो, वेगळे दार काढले तरी बोलतो ते चुलीचेच. ऊरमध्येही बाप वारल्यावर भाऊ घराची वाटणी करीत, खोल्या मोजून लिहून घेत; एकाच्या वाट्याची खोली दुसऱ्याच्या बाजूने बंद होई. वुलींच्या डोळ्यांसमोरचे भव्य, अखंड, सुखवस्तू घर प्रत्यक्षात अनेकदा असे तुकड्यांत नांदत होते. त्या तुकड्यांतल्या प्रत्येकात कोणीतरी विस्तव पेटवीत होते.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील तकोवाच्या बाईची गोष्ट वाचकांना आठवत असेल. तिच्या दोन मुलांपैकी एकाने दुसऱ्याला मारले; आता कुळातले लोक उरलेल्याचा जीव मागत आहेत. ती दावीद राजाला सांगते की, माझा उरलेला एक निखाराही हे विझवून टाकतील. अक्कडी करारातला किनूनु आणि तकोवाच्या बाईचा निखारा यांचे नाते वेगळे सांगायला नको. रात्री झोपण्यापूर्वी चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना ही बाई चटकन कळली असती. बायबल आणि ऊर यांच्यामधला पूल शोधायचाच असेल तर तो असा, घरगुती भाषेत सापडतो. त्याला अब्राहामाच्या घराचा क्रमांक लागत नाही.

नवरीला माहेरहून काय मिळे याच्या याद्याही त्या काळच्या बॅबिलोनी पाट्यांवर आहेत. पलंग, खुर्च्या, भांडी यांबरोबर त्यांत दळायचे दगडही असतात. फिरत्या जात्याला अजून बराच अवकाश होता. हे दगड पाट्यासारखे, गुडघ्यांवर बसून पुढेमागे घासायचे. सोन्याची कर्णफुले संग्रहालयात जातात. दळायचे दगड बहुधा मोजून बाजूला ठेवले जातात. पण बाईचे आयुष्य त्या दगडापाशी गेले, आणि तो तिच्या मालकीचा म्हणून लिहून ठेवलेला होता.

देवघराविषयी मी वर जे म्हटले त्यावरून वुलींनी देवघरावर लिहिले ते चुकले असा अर्थ कृपया घेऊ नये. ते त्यांचे मोठेच दान आहे. प्रत्येक घराच्या पोटात एक प्रार्थनेची जागा आणि तिच्या खाली घराण्याचे मृत, ही गोष्ट त्यांच्याइतक्या आस्थेने कोणी सांगितली नाही. वेदीसमोर मातीच्या भांड्यांत पुरलेली तान्ही बाळे त्यांना आढळली. त्याबद्दल लिहिताना त्यांचा स्वर बदलतो, शब्द कमी होतात. येथे लेखक म्हणून त्यांच्यावरचा माझा विश्वास पूर्ण बसतो.

प्रश्न आहे तो देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यात त्यांनी ठेवलेल्या अंतराचा. त्या लोकांत मृतांना अन्नपाणी देण्याचा विधी होता. त्याला 'किस्पु' म्हणत. घराण्यातील पूर्वजांची नावे घेऊन त्यांच्यासाठी अन्न ठेवायचे, पाणी ओतायचे. निप्पुर नगरीच्या वाटणीपत्रांत नैवेद्याचे मेज थोरल्या मुलाकडे जाते, कारण हा विधी चालवण्याची जबाबदारी त्याची. पण नैवेद्याची भाकर तर चुलीवरूनच येणार. देवघरातली वेदी थोरल्याच्या नावे लिहिली जाई. तिच्यावर काय ठेवले जाई ते मात्र जिच्या नावे दळायचा दगड होता तिच्या हातून येत असे. दोन्ही खोल्यांत विस्तव होता, एकीत धुपाचा, दुसरीत भाकरीचा. आपल्या घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोरचा दिवा चुलीतल्याच काडीने पेटवला जात असे, तेव्हा कोणाला यात काही विसंगत वाटत नसे. वुलींना मात्र एक खोली धर्माची वाटली आणि दुसरी सोयीची.

दुमजली घरांच्या वादात मी शिरत नाही. जिने केवळ गच्चीवर जात असतील, बरीच घरे एकमजलीच असतील, असे म्हणणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. खुद्द वुलींच्या १९५४ च्या पुस्तकाची सुधारून वाढवलेली आवृत्ती पी. आर. एस. मूरी यांनी १९८२ साली काढली, तेव्हा तिच्या शीर्षकातील 'खास्द्यांचे' या अर्थाच्या शब्दांभोवती अवतरणचिन्हे घातली. एवढ्या दोन चिन्हांत साऱ्या टीकेचे सार आले. कारण खास्दी, म्हणजे कॅल्डियन, लोक दक्षिण इराकच्या इतिहासात दिसू लागतात ते ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात; वुलींच्या घरांनंतर कित्येक शतकांनी. म्हणजे 'खास्द्यांचे ऊर' हे नाव पवित्र लेखकाने आपल्या काळच्या वाचकाला कळावे म्हणून लिहिले. हे ऊर उत्तरेकडचे दुसरेच एखादे नगर असावे असे मानणारेही विद्वान झाले. १९७० च्या दशकात तर टॉमस टॉम्सन आणि जॉन व्हॅन सीटर्स यांच्या ग्रंथांनी कुलपित्यांच्या कथांचा असा काळ ठरवता येतो या समजालाच धक्का दिला.

हे सारे वाचून आपल्यातील काही जण अस्वस्थ होतात, हे मला ठाऊक आहे. वुली खरे असते तर बरे झाले असते, असे त्यांना वाटते. घर सापडले म्हणजे अब्राहाम सापडला आणि अब्राहाम सापडला म्हणजे श्रद्धेला आधार मिळाला, अशी ती साखळी आहे. पण ख्रिस्तसभेने आपल्याला अशी साखळी हाती धरायला सांगितलेले नाही. पोप पायस बारावे यांनी १९४३ सालच्या परिपत्रकात आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात सांगितले ते हेच की, पवित्र लेखकाला काय म्हणायचे होते, त्याच्या काळच्या कोणत्या लेखनप्रकारात म्हणायचे होते, ते आधी समजून घ्यावे. म्हणजेच लेखकाचे शब्द ऐकावेत. तसे ऐकू लागलो की ऊर हे नावच काही वेगळे सांगू लागते.

हिब्रूमध्ये या शब्दाचा उच्चार 'आग' या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. त्यावरून यहुदी परंपरेत एक कथा रूढ झाली : मूर्तींना नमन न केल्यामुळे अब्राहामाला खास्द्यांच्या आगीच्या भट्टीत टाकले आणि देवाने त्याला तेथून सोडवले. ही कथा संत जेरोमला ठाऊक होती. नहेम्याच्या पुस्तकातील नवव्या अध्यायाचे भाषांतर करताना त्याने ऊरऐवजी 'खास्द्यांची आग' असेच लिहिले. मरणासन्न माणसासाठी ख्रिस्तसभा जी प्रार्थना करते तीत, अब्राहामाला खास्द्यांच्या ऊरमधून सोडवलेस तसे या तुझ्या सेवकाला सोडव, अशी विनवणी आहे. किती घरांत किती अंथरुणांशी हे नाव उच्चारले गेले असेल! तेथे गुडघे टेकलेल्या कोणालाही वुलींच्या नकाशाची गरज पडली नाही.

आणि आता उत्पत्तीचा पंधरावा अध्याय. मीच तुला खास्द्यांच्या ऊरमधून आणले, असे परमेश्वर येथे अब्रामाला सांगतो. त्याच अध्यायात, सूर्य मावळून गडद अंधार पडल्यावर, कापून ठेवलेल्या पशूंच्या तुकड्यांमधून एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल पुढे सरकत जाते. परमेश्वर करार करतो तो असा. भाष्यकार या दृश्यावर पुष्कळ लिहितात. धूर आणि अग्नी ही देवाच्या सान्निध्याची चिन्हे, वगैरे. ते योग्यच आहे. पण भट्टीसाठी हिब्रूत जो शब्द आहे तो 'तन्नूर'. अक्कडी भाषेतला 'तिनूरु' तो हाच, भाकरी भाजण्याची घरातली भट्टी. अरबी-फारसीतून फिरत फिरत आपल्याकडे आला आणि 'तंदूर' झाला, तोही हाच. ज्या रात्री देव अब्रामाला त्याने सोडलेल्या नगरीची आठवण देतो, त्याच रात्री तो त्याच्यासमोरून जातो ते स्वयंपाकघरातल्या वस्तूच्या रूपाने. वुलींनी ज्या खोलीकडे ओझरते पाहिले त्या खोलीतली ही वस्तू आहे. ऊरच्या घरात अब्राहामाची खूण शोधणाऱ्याने एवढा एक शब्द हाती घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबायला हवे होते, ही माझी त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार.

अलीकडे ते थांबणे सुरू झाले आहे. इराकमधील युद्धांमुळे दीर्घ काळ बंद पडलेले काम २०१५ साली एलिझाबेथ स्टोन यांच्या पथकाने ऊरला पुन्हा सुरू केले. २०१७ पासून म्युनिक विद्यापीठाच्या आडेलहाइड ओट्टो यांनी त्याच नगरीत ख्रिस्तपूर्व १८३५ च्या सुमाराचे एक मोठे घर खणले. निंगल देवीच्या मंदिराचा कारभार पाहणाऱ्या सिन-नदा नावाच्या अधिकाऱ्याचे ते घर. आताचे उत्खनन वुलींसारखे शेकडो मजूर लावून होत नाही. एका घरासाठी महिने लागतात, जमिनीवरची माती चाळली जाते. असे लेखन वुलींसारखे वाचनीय होत नाही, हेही कबूल केले पाहिजे. वुलींची शैली आणि आजची चाळणी एकाच हातात यावी, अशी इच्छा मात्र होते.

उलट दिशेचा प्रवासही घडला आहे. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीत, संत जॉन पॉल दुसरे यांच्या संकल्पित भेटीच्या सुमारास, वुलींनी खणलेल्या भिंतींवर नव्या विटा चढवून एक घर उभारण्यात आले. यात्रेकरूंना ते 'अब्राहामाचे घर' म्हणून दाखवले जाते. ती भेट झाली नाही. २३ फेब्रुवारी २००० रोजी पोपमहोदयांनी रोममध्येच, पॉल सहावे सभागृहात, अब्राहामाचे स्मरण करून मनाने ऊरची यात्रा केली. पुढे ६ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस प्रत्यक्ष ऊरच्या मैदानात गेले आणि निरनिराळ्या धर्मांच्या लोकांबरोबर प्रार्थनेला बसले. ते बोलले ताऱ्यांविषयी आणि वाटचालीविषयी. अब्राहामाने ज्याकडे पाहिले आणि जी केली त्याविषयी. नव्या विटांचे ते घर बाजूला कोरे उभे होते. त्यात खोल्या आहेत, कमानी आहेत. धुराने काळवंडलेली भिंत मात्र एकही नाही.

इराकमध्ये आज जे ख्रिस्ती उरले आहेत त्यांतील पुष्कळ जण खाल्डियन कॅथोलिक म्हणवतात. त्यांच्या देशातील दिनदर्शिकेत डिसेंबरला 'कानून अल-अव्वल' म्हणतात आणि जानेवारीला 'कानून अस-सानी' : पहिला कानून, दुसरा कानून. 'कानून' म्हणजे शेगडी. थंडीच्या महिन्याला मिळालेले हे नाव अरबीत सुरियानीमधून आले आणि त्याच्या मुळाशी अक्कडी 'किनूनु' आहे. वंश खुंटला की विझतो तोच. ऊरच्या चौकांत वाळू भरून कित्येक शतके लोटली, तरी नाताळच्या रात्री मोसूलजवळच्या गावांतून चर्चच्या घंटा वाजतात त्या शेगडीच्या महिन्यात.